केप्लरीणबाईचा खटला

ग्रहगतीच्या तीन नियमांमुळे ज्याचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते, त्या योहानेस केप्लरच्या विपुल लेखनात १२८ पृष्ठांची एक कैफियतही आहे. खगोलशास्त्राच्या इतिहासकारांनी तिच्यावर ओझरती नजर टाकून पुढे जाण्याचा प्रघात पाडला असला, तरी त्या शतकातील साधी माणसे कशी जगत होती, कशास भीत होती आणि सरकारदरबारी पुरावा म्हणजे काय वस्तू समजली जात होती, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्यास तिच्याइतके बोलके साधन क्वचितच सापडेल. २२ ऑगस्ट १६२१ रोजी रुजू झालेल्या या कैफियतीत केप्लर एका वृद्ध कैदी स्त्रीच्या वतीने उत्तर देत होता. आरोप चेटकाचा होता, तो शाबीत झाल्यास शिक्षा देहान्ताची होती, आणि ती स्त्री त्याची जन्मदात्री होती.

काथारीना गुल्डेनमान हिचा जन्म १५४७ च्या सुमारास दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या संस्थानात, लेओनबर्ग शहराला लागून असलेल्या एल्टिंगेन गावी झाला. बाप मेल्खियोर हा सरायवाला आणि गावचा पाटील, तेव्हा माहेर खाऊनपिऊन सुखी म्हणावे असेच होते. १५७१ साली शेजारच्या वाइल येथील हाइनरिख केप्लरशी तिचे लग्न झाले आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरास योहानेस जन्मला. नवरा निघाला भाडोत्री शिपाईगिरीच्या नादाचा. काही वर्षांतच तो नेदरलँड्समधील लढाईवर निघून गेला, तेव्हा लेकरांना सासूसासऱ्यांच्या स्वाधीन करून ही त्याच्यामागे छावणीपर्यंत गेली आणि पुढे त्याच्यासह परतली. परंतु १५८९ च्या सुमारास तो जो घराबाहेर पडला तो पुन्हा उंबऱ्यास शिवला नाही. सात मुलांपैकी चार जगली. त्यांचा प्रतिपाळ, शेतातले गवत, गाय, येणेदेणे, हे सारे त्या निरक्षर बाईने एकटीने सांभाळले आणि त्या सांभाळण्यात जी जीभ तिखट व्हायची ती झाली. ती न बोलावता दुसऱ्यांच्या घरात शिरे, आजाऱ्याला पाहून औषध सांगे, झाडपाल्याचा काढा कथलाच्या सुरईत भरून ठेवी आणि येणाऱ्याजाणाऱ्यास त्यातले चार घोट पाजी. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू उगवला असता सहाव्या वर्षात असलेल्या योहानेसला उंच जागी नेऊन तो तिने दाखविला, असे त्यानेच पुढे नमूद करून ठेवले आहे. त्याच योहानेसने पंचविशीच्या आगेमागे घरातल्या मंडळींच्या कुंडल्या मांडताना आईविषयी जे लिहिले ते मात्र मातृप्रेमाने ओथंबलेले नाही: लहानखुरी, काटकुळी, सावळी, बडबडी, भांडखोर. गाव तिच्याविषयी जे कुजबुजत होते, तेच मुलाने ग्रहांच्या साक्षीने कागदावर उतरविले होते.

असा स्वभाव हा कोणत्याही राज्यात गुन्हा ठरत नाही. पण ज्या काळात तिच्या म्हातारपणाची वर्षे पडली तो काळ विलक्षण होता. पिके वारंवार बुडत होती, हिवाळे लांबत होते, धर्माच्या नावाने साम्राज्याचे दोन तट पडले होते, आणि गाय आटली, लेकरू दगावले, गारपीट झाली की त्यामागे कोणाचा तरी हात असलाच पाहिजे या समजुतीस पंडितांच्या ग्रंथांचा आणि कायद्याच्या कलमांचा आधार मिळालेला होता. युरोपात चेटकाच्या आरोपावरून ज्यांना प्राण गमवावे लागले त्यांची संख्या अभ्यासक चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान धरतात. त्यातील निम्म्याच्या आसपास माणसे जर्मन साम्राज्याच्या हद्दीतील होती आणि बहुसंख्य स्त्रिया होत्या. यातली फार थोडी माणसे पिसाळलेल्या जमावाने मारली. बाकीच्यांच्या नावाने दप्तरे होती, जबान्या होत्या, सह्या आणि शिक्के होते. १५३२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या अमदानीत जारी झालेल्या फौजदारी संहितेने चेटकाने अपाय करणाऱ्यास अग्नीची शिक्षा सांगितली होती. त्याचबरोबर, पुरेशी संशयचिन्हे हाती आल्यावाचून कोणासही यातना देऊ नयेत, असा निर्बंधही तिने घातला होता. संशयचिन्हे कोणती, तर एखाद्याने दुसऱ्यास धमकी द्यावी आणि मागाहून त्यास अपाय व्हावा. संशयितांशी त्याची ऊठबस असावी. त्याच्यापाशी चमत्कारिक वस्तू सापडाव्यात किंवा त्याच्या तोंडी चमत्कारिक बोल असावेत. गावात पन्नास-साठ वर्षे नांदलेल्या आणि कोणाची भीडमुर्वत न ठेवणाऱ्या कोणत्या म्हातारीपाशी ही चिन्हे सापडणार नाहीत, हा प्रश्न संहितेच्या कर्त्यांस पडलेला दिसत नाही.

कलहाचा उगम अगदी घरगुती होता. उर्सुला राइनबोल्ट ही लेओनबर्गमधील एका काचकाम करणाऱ्याची बायको. काथारीनाचा धाकटा मुलगा क्रिस्टोफ कथलाची भांडी घडवीत असे. त्याचे आणि उर्सुलाचे व्यवहारावरून बिनसले आणि रागाच्या भरात त्याने तिचे पूर्वायुष्य चारचौघांत उगाळले. आईनेही त्यात आपली भर घातली. उर्सुला बऱ्याच काळापासून दुखण्याने बेजार होती, जहाल औषधे घेऊन तिची प्रकृती पार खालावली होती. आता तिला आठवले, की काही वर्षांपूर्वी केप्लरीणबाईने आपल्याला सुरईतले काहीतरी कडू पाजले होते आणि तेव्हापासूनच हे दुखणे जडले. मुलाचा राग आईवर, म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर निघाले. पण ते निघायला शहरात तापलेला तवा आधीच तयार होता, कारण याच सुमारास लेओनबर्गचा सरकारी अंमलदार लुथेरस आइनहोर्न याने चेटकाच्या आरोपावरून काही स्त्रियांना चितेपर्यंत पोहोचविले होते.

१६१५ च्या ऑगस्टमध्ये उर्सुलाचा भाऊ उर्बान क्रॉइटलिन लेओनबर्गला आला. हा पेशाने न्हावी-शस्त्रवैद्य, राजघराण्यातील एका राजपुत्राच्या पदरी चाकरीस, त्यामुळे दरबारचा वारा लागलेला. शिकारीनंतर तो आणि अंमलदार आइनहोर्न यांची मद्यपानाची बैठक झाली आणि त्या अवस्थेत त्यांनी काथारीनाला अंमलदाराच्या घरी बोलावून घेतले. क्रॉइटलिनने तलवार उपसून तिच्या अंगाला भिडविली आणि माझ्या बहिणीवर तू केलेली करणी तूच उतरव, नाहीतर जीव घेतो, असे धमकावले. त्या मागणीतली मेख अशी, की म्हातारीने भिऊन नुसते हो म्हटले असते किंवा कसला तरी काढा देऊ केला असता, तरी करणी आपणच केल्याचा कबुलीजबाब अंमलदाराच्या समक्ष तिच्या तोंडून निघाला असता. अडुसष्ट वर्षांची, लिहितावाचता न येणारी ती बाई तलवारीच्या टोकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मी तिला दुखणे दिले नाही आणि ते मला बरेही करता येणार नाही. अखेरीस आइनहोर्नलाच हा प्रकार हाताबाहेर जातो आहे असे वाटून त्याने तिला जाऊ दिले.

मुलांनी या अपमानाचा निकाल कायद्याने लावायचे ठरविले. क्रिस्टोफ आणि होयमाडेनच्या पाद्र्याची बायको असलेली मुलगी मार्गारेथा यांच्या पाठबळाने काथारीनाने राइनबोल्ट दांपत्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली. तेव्हा या सबंध प्रकरणात काथारीना प्रथम कचेरीची पायरी चढली ती फिर्यादी म्हणून, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पण ही फिर्याद ज्याच्यासमोर चालायची तो अंमलदार त्या तलवारीच्या प्रसंगाचा साक्षीदार, किंबहुना भागीदार होता, आणि फिर्याद सुरळीत चालली तर त्या दुपारचा करीना त्याच्याच तोंडून वदवून घेतला जाणार होता. त्यामुळे तारखा लांबू लागल्या. आज हा पक्षकार गैरहजर, उद्या तो कागद अपुरा, अशा सबबींवर वर्ष सरले.

योहानेस या वेळी लिंझ येथे प्रांतिक गणिती या हुद्द्यावर होता. मार्गारेथाचे पत्र त्याच्या हाती पडले ते १६१५ सालच्या २९ डिसेंबरास, आणि चारच दिवसांनी, २ जानेवारी १६१६ रोजी, त्याने लेओनबर्गच्या नगरसभेस जळजळीत भाषेत पत्र लिहून खटल्यातील सर्व कागदांच्या नकला मागितल्या. त्याची स्वतःची स्थिती काही मोठी सुरक्षित नव्हती. लूथरपंथी धर्मसंहितेतील एका मताशी त्याचे पटले नाही, म्हणून लिंझच्या धर्मोपदेशकाने १६१२ सालीच त्याला प्रभुभोजनाच्या संस्कारातून वगळले होते. वर सम्राटाचा ज्योतिषी म्हणून असलेली त्याची ख्याती शत्रूच्या हाती कोलीत देण्यास पुरेशी होती, आणि आईवरचा डाग आपल्या पोटापाण्यावरही उतरू शकतो हे तो ओळखून होता. तरीही त्याच्या पहिल्या पत्रापासून एक गोष्ट स्पष्ट दिसते: त्याची पहिली मागणी दयेची नव्हती, कागदांची होती.

अब्रूनुकसानीची सुनावणी अखेर १६१६ च्या ऑक्टोबर महिन्यात व्हायची ठरली, आणि तिला आठवडाही उरला नसताना, १५ तारखेस, काथारीनाला वाटेत विटा वाहून नेणाऱ्या मुलींचा घोळका भेटला. वाट अरुंद होती. त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीने घरी जाऊन सांगितले, की म्हातारीने आपल्या दंडाला स्पर्श केला आणि हात बधिर झाला. आइनहोर्नने मुलीचा हात पाहिला आणि हा चेटकिणीच्या पकडीचा वण आहे असे जाहीर करून टाकले. येथे काथारीनाच्या हातून जी चूक घडली तिने पुढची पाच वर्षे तिचा पिच्छा पुरविला. बिथरलेल्या म्हातारीने अंमलदारास चांदीचा पेला देऊ करून, हे नवे बालंट वर कळवू नका आणि माझी फिर्याद तेवढी चालवा, अशी गळ घातली. आइनहोर्नला एवढेच हवे होते. सुनावणी तहकूब झाली, लाचेची हकीकत खलित्यात घालून स्टुटगार्टच्या वरिष्ठ कचेरीकडे रवाना झाली, आणि कालची फिर्यादी आज संशयित म्हणून दप्तरात नोंदली गेली. मुलांनी तिला तातडीने लिंझला पाठविले. १३ डिसेंबरास ती योहानेसच्या दारी पोहोचली. त्यानंतर सुमारे नऊ महिने ती तेथे राहिली. पण आपले घर, आपले शेत, आपली भांडीकुंडी यांवरचा तिचा जीव काही निघेना, आणि पळून गेलेली म्हणजे दोषीच, ही गावची हाकाटीही तिच्या कानी पडत होती. १६१७ साली ती परत आली. तिच्या पाठोपाठ योहानेसही वुर्टेम्बर्गला येऊन गेला. फिर्याद पुढे सरकविण्याचे त्याचे प्रयत्न मात्र व्यर्थ ठरले. वाटेत त्याने गॅलिलिओच्या बापाचा संगीतावरील ग्रंथ वाचला, आणि परतल्यावर, १६१८ च्या मे महिन्यात, ग्रहांचा प्रदक्षिणाकाळ व सूर्यापासूनचे अंतर यांचे नाते सांगणारा तिसरा नियम त्याच्या हाती आला. विश्वातील सुसंवादावरचा त्याचा महाग्रंथ १६१९ साली छापून निघाला, आणि त्याच वर्षी राइनबोल्ट पक्षाने काथारीनावर ४९ कलमांचा आरोपलेख दाखल करून एक हजार गुल्डनची भरपाई मागितली.

ही ४९ कलमे वाचताना चेटूक हे गावात कसे तयार होते याचा उलगडा होतो. साक्षीदार एकामागून एक पुढे येतात आणि जो तो आपल्या आयुष्यातील न उलगडलेले दुःख केप्लरीणबाईच्या दारात आणून ठेवतो. एका शिंप्याची मुले आजारी असता तिने त्यांच्यावर जुना आशीर्वादाचा मंत्र पुटपुटला होता, ती मुले पुढे दगावली. कोणाची गाय पिसाळली, कोणाचे डुक्कर मेले. शाळामास्तर बॉइटेल्सपाखर हा योहानेसचा बालमित्र, आणि लिंझहून येणारी पत्रे म्हातारीस वाचून दाखविणारा. त्यानेही जबानी दिली, की तिच्या सुरईतले पेय प्यायल्यापासून आपले पाय लुळे पडले. सर्वांत विलक्षण साक्ष मसणवट्याच्या कबर खोदणाऱ्याची होती. काथारीनाने त्याच्याकडे आपल्या बापाची कवटी उकरून मागितली होती, कारण तिला चांदीने मढवून तिचा पेला करायचा आणि तो आपल्या गणिती मुलास नजर करायचा तिचा बेत होता. पूर्वीच्या काळी काही लोक आप्तांच्या कवट्यांतून पीत असत, असे तिने चर्चमधील प्रवचनात ऐकले होते. ही गोष्ट तिने नाकारली नाही. आजच्या वाचकाला त्यात एका अडाणी म्हातारीची वेडीबागडी माया दिसेल. आरोपलेखाच्या कारकुनाला त्यात संहितेतले 'चमत्कारिक वस्तू' हे कलम दिसले. यांतील बहुतेक घटना दहा-दहा वर्षांपूर्वीच्या होत्या आणि त्या घडल्या तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती. पण एकदा चेटकीण हे नाव उच्चारले गेले, की मागच्या सर्व घटना उलट्या दिशेने चालत येऊन त्या नावाभोवती गोळा होतात.

१६२० च्या उन्हाळ्यात वुर्टेम्बर्गच्या ड्यूकच्या कचेरीतून अटकेचा हुकूम सुटला. ७ ऑगस्टच्या रात्री होयमाडेनच्या पाद्र्याच्या घरातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांस सुगावा लागू नये म्हणून, त्र्याहत्तर वर्षांच्या काथारीनाला कपड्यांच्या पेटीत घालून बाहेर काढण्यात आले. प्रथम लेओनबर्गला आणि नंतर, आपल्या डोळ्यांदेखत ही विटंबना नको अशा क्रिस्टोफच्या विनंतीवरून, तिला ग्युग्लिंगेन या दुसऱ्या शहराच्या वेशीवरील बुरुजात ठेवले. तेथे तिला साखळदंडाने जखडले आणि पहाऱ्यास दोन शिपाई दिले. त्यांचा पगार, त्यांचे जेवणखाण, त्यांच्या शेकोटीचे लाकूड, हे सर्व तिच्याच मालमत्तेतून वसूल व्हायचे होते. सप्टेंबरअखेर योहानेस येऊन दाखल झाला. तीस वर्षे चालणाऱ्या युद्धास तोंड फुटले होते, बव्हेरियाच्या फौजा लिंझमध्ये शिरल्या होत्या. अशा धामधुमीत कुटुंबाला रेगेन्सबर्गला पोहोचवून, निघण्याचे कारण जवळच्या मित्रांसही न सांगता त्याने हा प्रवास केला. आपली आई चेटकाच्या खटल्यात आहे, ही गोष्ट सम्राटाच्या गणितीने उघड बोलण्यासारखी नव्हती.

आल्याबरोबर त्याने जी अर्जदास्त केली तीत मोठ्या तत्त्वांच्या जोडीला बारीक हिशेबही आहे. पहारेकरी लाकूड वाजवीपेक्षा फार जाळतात, एका जखडलेल्या म्हातारीस दोन माणसे कशाला, अशाने खटला संपण्याआधी तिची मिळकत संपेल, अशी त्याची गाऱ्हाणी होती. परंतु त्याची खरी मागणी अशी होती, की बचाव तोंडी न होता लेखी व्हावा. लेखी बचाव म्हणजे अधिक खर्च आणि अधिक महिने, म्हणजेच आईला बुरुजात अधिक काळ बसविणे; पण तोंडी कामात आरोपाचा धुरळा तसाच राहतो आणि कागदावर उतरलेल्या आरोपाला तारीख द्यावी लागते, हे त्याने हेरले होते. ट्युबिंगेनचा कायदेपंडित क्रिस्टोफ बेसोल्ट हा त्याचा जुना स्नेही. त्याचा सल्ला केप्लरच्या पाठीशी होता. सुनावणीच्या एका दिवशी कैदी स्त्री आपल्या गणिती मुलाच्या साहाय्यासह हजर झाली, हे नोंदविताना कचेरीच्या लेखनिकाने 'दुर्दैवाने' असा शब्द घातला आहे. इतक्या तटस्थ दप्तरात त्या कारकुनाचे मन तेवढ्या एका शब्दापुरते उघडे पडले आहे.

कैफियत बहुतांशी केप्लरच्याच हातची आहे, आणि तिची रीत पाहिली की मंगळाच्या कक्षेसाठी वर्षानुवर्षे निरीक्षणे ताडून पाहणारा माणूस ओळखू येतो. तो प्रत्येक कलम उचलतो आणि विचारतो: हे केव्हा घडले, कोणी प्रथम सांगितले, तेव्हा तक्रार का झाली नाही, आणि याला नैसर्गिक कारण काय असू शकते? उर्सुलाचे दुखणे सुरईतल्या घोटाने आले म्हणावे, तर घोट आणि दुखणे यांमध्ये वर्षे लोटली आहेत आणि मधल्या काळात तिने घेतलेल्या जहाल औषधांचा हिशेब कोणीच देत नाही. शिवाय तिच्या जबानीतली वर्षे दर खेपेस बदलतात. शाळामास्तर ओझे घेऊन चर उडी मारून ओलांडत असता पडला आणि त्याचे पाय तेव्हापासून गेले. मुलीचा दंड बधिर झाला, कारण तिच्या वयाला न पेलणाऱ्या विटा ती वाहत होती. अंमलदाराच्या घरी उपसलेल्या तलवारीविषयी आरोपलेख मुका का, हेही त्याने विचारले, आणि ज्या अधिकाऱ्याविरुद्ध आरोपीस तक्रार होती त्यानेच तिच्याविरुद्धचा पुरावा गोळा करावा यातील विसंगती उघडी केली. म्हातारी भेटल्यावर माणूस आजारी पडला, एवढ्यावरून म्हातारीमुळे आजारी पडला असे ठरत नाही, हा साधा विचार त्याने ४९ वेळा, न कंटाळता, मांडला.

परंतु या कैफियतीत काय नाही, तेही पाहिले पाहिजे. जगात चेटूक नाही, चेटकिणी नसतात, असे विधान केप्लरने कोठेही केले नाही. योहान वायर या वैद्याने १५६३ सालीच, चेटकीण म्हणून पकडल्या जाणाऱ्या बहुतेक बाया मनाने आजारी असतात, असे लिहून ठेवले होते. तेव्हा तसा विचार त्या शतकाला अगदीच अपरिचित नव्हता. केप्लर त्या वाटेस गेला नाही. तो एवढेच म्हणत राहिला, की चेटकिणी असतीलही, पण ही त्यांपैकी नव्हे, आणि असल्यास दाखवा. यात मुत्सद्देगिरी किती आणि खरीखुरी श्रद्धा किती, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय त्याच्या मनाला एक जुनी बोच होती. चंद्रावरील प्रवासाची एक कल्पितकथा त्याने काही वर्षांपूर्वी लिहिली होती आणि तिचे हस्तलिखित १६११ नंतर लोकांत फिरत होते. तिच्यातील नायकाची आई औषधी वनस्पती विकणारी आणि भुतांशी बोलणारी दाखविली होती. आपल्या लेखणीतली ही बाई लेओनबर्गच्या अफवांना पोसणारी ठरली, असे त्याने पुढे त्या कथेच्या टिपांत लिहिले आहे. ४९ कलमांचा भार पाहता तो दोष त्याने आपल्या माथी उगाच ओढून घेतला असे वाटते. सुरई, गाय आणि दंड यांनी रचलेल्या त्या आरोपाला चंद्राची गरज नव्हती.

संस्थानच्या शिरस्त्याप्रमाणे सारे दप्तर ट्युबिंगेनच्या विधिपीठाकडे गेले, आणि १० सप्टेंबर १६२१ रोजी तेथील पंडितांनी मत दिले. संशयचिन्हे यातना देण्याइतकी सबळ नाहीत आणि सोडून देण्याइतकी दुबळीही नाहीत. सबब कैदी स्त्रीस यातनांच्या हत्यारांसमोर उभे करावे, जल्लादाने एकेका हत्याराचा उपयोग तिला समजावून सांगावा, धाक पुरेपूर घालावा, परंतु अंगास हात लावू नये. २८ सप्टेंबरच्या सकाळी ग्युग्लिंगेनचा अंमलदार आउल्बर, लेखनिक आणि साक्षीस बोलाविलेली माणसे यांच्यासमोर हा विधी झाला. काथारीनाला मधल्या काळात, साक्षी ऐकताना तू रडली का नाहीस, असाही सवाल टाकून झाला होता, कारण चेटकिणीच्या डोळ्यांस पाणी येत नाही असा समज होता. आयुष्यात इतके रडून झाले की आता पाणी उरले नाही, असे तिने उत्तर दिले होते. या दिवशी चौदा महिने साखळीत काढलेल्या त्या बाईने जल्लादाचे सारे सामान पाहिले आणि सांगितले, की माझ्या अंगातली एकेक शीर उपटून काढा, तरी कबूल करण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. मग तिने गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हटली आणि मी चेटकीण असेन तर देवाने इथेच खूण दाखवावी, असे मागितले. १२८ पृष्ठे त्या खोलीत तिच्या कामास येण्यासारखी नव्हती. कामास आला तो तिचा अडेलपणा, ज्याला गावाने आणि कधीकाळी मुलानेही भांडखोरपणा म्हटले होते. अशा प्रसंगी हजारो स्त्रियांनी जे विचारले ते कबूल केले आणि वर दुसऱ्यांची नावेही दिली. हिने ना स्वतःचे काही दिले ना कोणाचे नाव घेतले.

ऑक्टोबरच्या आरंभी ड्यूकच्या हुकुमाने तिची मुक्तता झाली. पण तिचे निर्दोषत्व सिद्ध झाले असे कोणी म्हटले नाही. धाकापुढे टिकून तिने आपल्यावरील संशय झाडून टाकला, म्हणून तिला सोडले, असा तो न्याय होता, आणि सहा वर्षे पुराव्यावर जो वाद झाला त्याचा निकाल शेवटी तिच्या छातीच्या बळावर लागला. खर्चाची वाटणी झाली तीही याच समतोल वृत्तीने: खटला ओढवून आणणाऱ्या राइनबोल्टला दहा गुल्डन, आणि आईला दुसऱ्या शहरात हलविण्याची विनंती करणाऱ्या क्रिस्टोफला तीस गुल्डन. लेओनबर्गला परतणे तिला शक्य नव्हते, कारण कायद्याने सोडले तरी आम्ही सोडणार नाही, असे तेथले लोक बोलत होते. पुढे जेमतेम सहा महिने गेले. १३ एप्रिल १६२२ रोजी ती वारली.

या खटल्याकडे विज्ञानाने अंधश्रद्धेवर मिळविलेला विजय म्हणून पाहण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. बचाव करणारा चेटूक मानत होता, सोडणारे न्यायाधीश मानत होते, आणि ज्या कायद्याने काथारीना सुटली त्याच कायद्याने तिच्या शहरातल्या इतर बाया जळाल्या. तिच्या बाजूला नकला मागण्याचा हक्क ठाऊक असलेला मुलगा होता, विधिपीठात स्नेही होता, चौदा महिने पहाऱ्याचा आणि वकिलाचा खर्च सोसणारी थोडीफार मिळकत होती. यांतले एकही ज्या घरात नव्हते, त्या घरातल्या म्हातारीच्या दप्तरात ४९ कलमे लिहायलाही कोणी बसले नसते. दोन-तीन जबान्या, एक कबुली आणि तिच्याखाली अंमलदाराची सही, एवढ्यावर ते मिटले असते. केप्लरने जे करून दाखविले ते त्या काळच्या कोणाही न्यायाधीशाला करता येण्याजोगे होते: आरोपाला तारीख विचारणे, आणि उत्तर येईपर्यंत थांबणे. ते करण्यास बुद्धीची ज्योत फार लागत नव्हती. समोरची बाई आपल्या आईइतकी महत्त्वाची आहे, असे मानावे लागत होते.